चार वाजताच्या चहाचा भाव

माझ्यासाठी चहा स्वस्त झाला होता आणि माझ्या बायकोसाठी महाग. चहा एकाच पातेल्यातला, एकाच गाळण्यातून गाळलेला. हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला आधी बसवलं असतं, पाणी दिलं असतं आणि मग विचारलं असतं, की बाबा, बरं नाही का तुला? पण हे सरकारी निर्देशांकात आलं होतं आणि मी जन्मभर सरकारचीच वजनंमापं तपासत हिंडलेला माणूस. त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती.

मी शिरीष कुंभोजकर. वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. वाण्याचा तराजू, डेअरीचा काटा, सोनाराची रतीभर वजनं, सगळं माझ्या हाताखालून गेलं. नोकरीची शेवटची नऊ वर्षं गोंदियात काढली. वृषाली इथे कऱ्हाडलाच राहिली, कारण तिची आई आमच्याकडे होती आणि त्यांना हलवणं शक्य नव्हतं. आई गेल्या तेव्हा माझ्या निवृत्तीला वर्षच उरलं होतं. आता एवढ्यासाठी कुठे संसार उचलायचा, म्हणून ती आली नाही. नेमकं तेच वर्ष पुढे निर्देशांकाचं पायाभूत वर्ष ठरलं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

घोळ कळायला निर्देशांक कळायला हवा. पूर्वी सरकार एक काल्पनिक टोपली भरायचं. तांदूळ, डाळ, तेल, घरभाडं, एसटीचं तिकीट, दाढीचं सामान. तीच टोपली दरवर्षी बाजारात नेऊन किंमत विचारायची. शंभराची टोपली एकशे सहाला गेली, की महागाई सहा टक्के. पद्धत सोपी, पण तिच्यात खोट होती. तूरडाळ महागली की माणूस मसूर आणतो, टोपली मात्र तुरीलाच चिकटून बसते. शिवाय ती टोपली नक्की कुणाची, हे कुणालाच सांगता यायचं नाही. अर्थशास्त्राची मंडळी फार पूर्वीपासून म्हणत होती, की खरा प्रश्न टोपलीचा नाहीच. आधी जेवढं समाधान मिळत होतं तेवढंच आज मिळवायला किती पैसे लागतात, हा आहे. पण समाधान मोजणार कसं? म्हणून टोपली.

मग टिकली आली. कानामागे चिकटवायची, मसुराच्या डाळीएवढी. ती नाडी बघते, कातडीवरचा घाम बघते, त्या घामातली रसायनं बघते, आणि लाखो माणसांच्या नोंदींवरून शिकलेली असल्यामुळे तुम्ही घेतलेला घास तुम्हाला किती लाभला ते सांगते. खर्च फोनवरून तिला आपोआप कळतोच. दोन्हींची सांगड घातली, की पायाभूत वर्षात शंभर रुपयांत मिळालेलं समाधान आज केवढ्याला पडतं, ते वस्तूवार निघतं. एका घरातल्या माणसांची सरासरी काढतात आणि त्या सरासरीवर पेन्शनरांचा महागाई भत्ता ठरतो. माझ्यासारख्या मिशीवाल्याला टिकली लाव म्हणतात हेच मला आवडलं नव्हतं, पण पेन्शन सगळ्यांना हवी असते.

निवृत्त होऊन वर्ष झालं आणि आमची भत्तावाढ शून्य आली.

मी तडक निर्देशांक कचेरीत गेलो. तिथे गार्गी सणस नावाची तिशीतली अधिकारी होती.

"दूध वाढलं, तेल वाढलं, घरपट्टी वाढली," मी म्हणालो. "आणि आमच्याच घरात महागाई नाही?"

तिनं पडद्यावर आमचं घर उघडलं. "काका, तुमचा निर्देशांक अठ्ठ्याहत्तर आहे. म्हणजे तुम्हाला जगणं स्वस्त झालंय. काकूंचा एकशे बावीस. सरासरी शंभर. म्हणून वाढ नाही."

"आम्ही एकाच घरात राहतो."

"हो, तेच तर लिहिलंय."

"एकच जेवतो. मग मला स्वस्त आणि तिला महाग कसं होईल?"

"सगळ्यात मोठा फरक चहात आहे," ती म्हणाली. "संध्याकाळी चारचा. तुम्हाला जवळजवळ निम्म्यात पडतो, काकूंना दुपटीला."

मला साहेब म्हणायच्या ऐवजी ही पोरगी काका म्हणते याचा राग बाजूला ठेवून मी घरी आलो. माझं निदान तयार होतं. टिकलीचा काटा बिघडलाय. तीस वर्षांत मी हजारो तराजू पाहिले आणि ते सगळे स्वतःला अचूकच समजत होते.

दांडीचा तराजू तपासायची एक जुनी रीत आहे. डाव्या पारड्यातला माल उजवीकडे आणि उजवीकडचं वजन डावीकडे टाकायचं. दांडी तरीही समतोल राहिली तर तराजू खरा, कलली तर खोटा. मी वृषालीला म्हटलं, आपण पारडी बदलू. तुझी टिकली मला, माझी तुला.

"काय खूळ आहे हे," ती हसली, पण तिनं कानामागची टिकली काढून माझ्या हातावर ठेवली. "माझी घाला, बघा, गुण येतो का."

आठवडाभर आम्ही तसे फिरलो. आकडे आले. तिच्या टिकलीनं माझा चहा स्वस्त सांगितला, माझ्या टिकलीनं तिचा महाग. म्हणजे तराजू खरे होते. असा निकाल मला आयुष्यात पहिल्यांदाच आवडला नाही. वर सणसबाईंचा फोन आला, की काका, टिकल्यांची अदलाबदल हा नियमभंग आहे, या वेळी समज देऊन सोडते.

तराजू खरा असेल तर दोष मालात. मग मी चहा बदलला. थेट आसामातून मागवला. गाईचं दूध सोडून म्हशीचं सुरू केलं, आलं स्वतः ठेचू लागलो. चार वाजायच्या आधीच ओट्याशी उभा राहायचो, पाणी किती उकळलं की पत्ती टाकायची ते तिला समजावून सांगायचो. चहा खरोखर फक्कड होऊ लागला. तिचा आकडा आणखी चढला.

मी गोंधळून गेलो, हे कबूल करतो. रात्री तिच्या याद्या फोनवर चाळत बसायचो. चहा महाग. वर्तमानपत्र महाग. दुपारी लागणारी पंख्याची वीज महाग! पण अंगाचा साबण होता तसाच. कोल्हापूरला बहिणीकडे जायचं एसटीचं तिकीट उलट स्वस्त. गुरुवारच्या बाजारातली भाजीही स्वस्त. ती भाजी आणि घरपोच मागवलेली भाजी, वांगी तीच, भावही तोच. बाजारातली तिला लाभत होती, दारात आलेली नाही. यात मला काही केल्या सूत्र दिसेना. तुम्हाला कदाचित आत्ताच दिसलं असेल. मी त्या आकड्याच्या इतका जवळ बसलो होतो, की मला दिसत नव्हतं.

सणसबाई वार्षिक पाहणीला घरी आल्या तेव्हा मी त्यांना याद्या दाखवल्या. वृषाली त्यांच्यासाठी पोहे करायला आत गेली होती.

"काका, यंत्राला एक मर्यादा आहे," त्या म्हणाल्या. "त्याला फक्त विकत घेतलेली वस्तू दिसते. समजा, पायाभूत वर्षात माणसाला एखादी गोष्ट फुकट मिळत होती आणि आता मिळत नाही. तिच्यासाठी यादीत ओळच नाही. मग यंत्र ती तूट आजूबाजूच्या वस्तूंवर वाटून टाकतं. चहावर, पंख्यावर, पेपरवर."

"म्हणजे आमच्या घरातली एखादी वस्तू गेलीय?"

"तसंच म्हणा."

"कोणती?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, स्वयंपाकघराकडे बघितलं, आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. "ते मी कसं सांगू? काकूंना विचारा ना."

मी विचारलं. वृषाली म्हणाली, "मला तरी कुठे कळतंय?" आणि पोह्याच्या बशा विसळायला गेली. तिचा चेहरा मला नीट दिसला नाही.

पुढच्या आठवड्यात बँकेत हयातीचा दाखला द्यायचा होता. मी पाचपर्यंत येतो सांगून गेलो. काम लवकर झालं. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, मागच्या बाजूला गॅलरी. मी घाटाच्या बाजूनं मागच्या रस्त्यानं आलो आणि वर बघितलं.

वृषाली गॅलरीत बसली होती. खुर्ची भिंतीला टेकलेली, दोन्ही पाय उचलून कठड्यावर ठेवलेले, साडी घोट्याच्या वर गेलेली. हातात कप. ती काही वाचत नव्हती, फोन बघत नव्हती, काहीच करत नव्हती. कृष्णेकडे बघत होती की कशाकडेच नाही, ते खालून कळत नव्हतं. मधूनच पायाची बोटं हलत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी तिला अशी बसलेली कधीही पाहिली नव्हती. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो.

मग जिना चढलो आणि लॅचमध्ये किल्ली फिरवली. आत जाऊन पोचतो तोवर पाय खाली आले होते, साडी सारखी झाली होती आणि ती उभी होती.

"आलात? चहा टाकते हं."

तिच्या कपात अजून अर्धा चहा होता. तो तिनं मोरीत ओतला आणि पातेलं चढवलं.

मला त्या क्षणी सगळं कळलं आणि कळून फार वाईट वाटलं. गोंदियात रोज चार वाजता मी कचेरीसमोरच्या टपरीवर एकटा उभा राहून चहा प्यायचो आणि मनात म्हणायचो, निवृत्त झालो की हा चहा वृषालीसमोर बसून प्यायचा. नऊ वर्षं मी त्या एका कपाची वाट बघितली. तो मिळाला म्हणून माझं जगणं स्वस्त झालं. आणि तिची गेलेली वस्तू म्हणजे तोच तास होता.

मी चहा प्यालो आणि गोंदियाला खात्यातल्या वानखेडेंना फोन लावला. त्यांच्या प्रशिक्षण केंद्रात नव्या निरीक्षकांना शिकवायला माणूस हवा होता. दोन वर्षांचं काम. मी आधी दोनदा नाही म्हटलं होतं. आता म्हटलं, येतो, पुढच्या महिन्यात.

फोन ठेवला तर वृषाली दारात उभी.

"कुठे येताय?"

"गोंदियाला."

"मी तुम्हाला जा म्हटलं?"

"तू नाही म्हटलंस. टिकली म्हणते. मी आल्यापासून तुला जगणं महाग झालंय. आकडा आहे, वृषाली. मी स्वतः पारडी बदलून बघितलंय."

"टिकलीला विचारून लग्न केलं होतंत का माझ्याशी?" ती एकदम ओरडली. तिचा आवाज इतका चढलेला मी ऐकला नव्हता. मग ती खाली बसली आणि रडायलाच लागली. "नऊ वर्षं वाट बघितली हो मी. खोटं नाही. रात्री जिन्यात पाय वाजला तरी वाटायचं, तुम्हीच आलात. तुम्ही आलात त्याचा मला आनंद आहे. आणि तो आकडाही खोटा नाही, तेही मला माहितीय. आता यातलं खरं काय धरू, तुम्हीच सांगा. तुम्ही निरीक्षक ना?"

तराजूला एकच काटा असतो. तो एका वेळी एकाच बाजूला कलतो. एकाच माणसाला एकच माणूस हवाही आहे आणि नकोही, हे कोणत्या पारड्यात घालायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

डोळे पुसून ती हळू बोलली. "लग्न झालं तेव्हा सासूबाईंचं चारला औषध आणि चहा. त्या गेल्या, मग आई आली. तिलाही चारलाच. आई गेली आणि त्या वर्षी पहिल्यांदाच चार वाजता कुणाला काही द्यायचं नव्हतं. सुरुवातीला मला कळेचना, करायचं काय. मग पाय वर घेऊन बसायला लागले. एवढंच हो. तुम्ही सकाळी हवे आहात, जेवताना हवे आहात, रात्री तर हवेच आहात."

"मग मी चार वाजता बाहेर जाईन."

"उन्हातान्हात कुठे जाल? आणि तुम्ही कुठेतरी बाकावर बसलायत म्हटल्यावर मला चहा गोड लागेल?"

"पण चार वाजता चहा मलाही लागतो."

"तेच तर! घरात चहा म्हटला की दोघांचा. मी एकटीचा कसा टाकू?" ती वैतागून म्हणाली, "नाहीतर चूल वेगळी करा तुमची."

चिडून बोलली होती, पण माझ्या डोक्यात ते बसलं. कचेरीच्या नियमात घर म्हणजे चूल. एका छपराखाली कितीही माणसं राहोत, चूल एक तर घर एक, चुली दोन तर घरं दोन. विजेच्या शेगड्या आल्या तरी नियमातला शब्द चूलच राहिला होता. मी बाजारात जाऊन एका तबकडीची शेगडी, एक पातेलं, एक गाळणं आणि दोन कप आणले. बाहेरच्या खोलीच्या छोट्या बाल्कनीत लाकडी खोकं उलटं घातलं, त्यावर शेगडी ठेवली. वानखेडेंना कळवलं, की दोन महिन्यांनी सांगतो. आणि सणसबाईंच्या कचेरीत वेगळ्या चुलीचा अर्ज दिला.

"लोक काय म्हणतील?" वृषाली घाबरली.

लोकांनी म्हणायचं ते म्हटलंच. शेजारच्यांनी मला समजावलं, की या वयात जुळवून घ्यावं. मी हो हो म्हटलं.

चार वाजता ती मागच्या गॅलरीत आणि मी पुढच्या बाल्कनीत. माझा चहा पहिले काही दिवस पिववेना. आसामचीच पत्ती, तेच दूध, तेच ठेचलेलं आलं. सगळं मापात घालून चव येत नव्हती. माझा आकडा चढायला लागला आणि तिचा उतरायला लागला. शंभरावर आमची भेट झाली आणि आम्ही एकमेकांना ओलांडून पुढे गेलो. तिला गुणगुणताना ऐकू यायचं. मला त्याचा आनंद होत होता आणि राग येत होता, दोन्ही एकाच वेळी. आता मला तिचं थोडं समजू लागलं.

एके दिवशी चार वाजून गेल्यावर मागे पावलं वाजली.

वृषाली बाल्कनीच्या दारात उभी होती. हातात रिकामा कप नव्हता, चहाचं पातेलं नव्हतं, काहीच नव्हतं. "जरा वास आला," ती म्हणाली. "एक कप मिळेल का?"

माझ्याकडे दुसरा कप होता. दोन का आणले होते, ते मलाही माहीत नव्हतं. मी चहा ओतला. ती माझ्या समोरच्या वेताच्या मोड्यावर बसली. पाय जमिनीवर. चहा संपवला, "आलं जास्त झालंय" म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी आली नाही. त्यानंतरही नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. मी चार वाजता दोन कपांचं पाणी ठेवायला लागलो होतो. ती आली नाही तर दुसरा कप मीच प्यायचो.

महिनाअखेरीला सणसबाई पडताळणीला आल्या. वृषाली आणि मी समोरासमोर बसलो होतो. त्यांनी ठरलेले प्रश्न विचारले, आणि मग मला नको होता तोच आला.

"गेल्या महिन्यात एका चुलीवरचं दुसऱ्या घरच्या माणसानं काही घेतलं का?"

जेवणं नोंदलेली होती. दोन्ही वेळची तिच्या चुलीवर, मी त्याचे पैसे देतो, त्याची सोय नियमात आहे. प्रश्न चहाचा होता. नाही म्हणावं तर खोटं, आणि तीस वर्षांत मी खोट्या मापावर शिक्का मारलेला नाही. हो म्हणावं तर चूल एक धरली जाणार. सरासरी पुन्हा शंभर. भत्ता गेला असता तरी चाललं असतं. पण मला भीती वेगळीच होती. घर एक झालं, नियमाप्रमाणे दुसरी शेगडी उचलावी लागली, की ती चार वाजता पुन्हा ओट्याशी उभी राहणार, न सांगता, सवयीनं. आणि मग मी गोंदियाला जाणार. हे मला लख्ख दिसत होतं.

"हो," मी म्हणालो. "चहा घेतलाय. माझ्याकडचा. हिनं."

सणसबाईंचं बोट पडद्यावर थांबलं. "म्हणजे चूल सामायिक..."

"सामायिक नाही," वृषाली म्हणाली. "लिहा, पाहुणी आली होती."

"काकू, तुम्ही याच घरात राहता."

"याच छपराखाली राहते. यांच्या चुलीवर मी पाहुणी आहे."

"पण रोज येणाऱ्याला पाहुणा धरता येत नाही."

"रोज कुठे येते? मला वाटतं तेव्हा येते." तिनं माझ्याकडे बघितलं. "विचारा यांना, बोलावतात का ते. नाही बोलावत. मीच येते."

सणसबाईंनी पडद्यावरचे रकाने चाळले. मग म्हणाल्या, "पाहुण्याचा रकाना आहे आमच्याकडे. पण सांगून ठेवते. पाहुण्याला दिलेला चहा यजमानाच्या समाधानात धरत नाहीत. पाहुण्यानं पैसे दिलेले नसतात, म्हणून त्याच्याही नाही. तो चहा तुमच्यापैकी कुणाच्याच निर्देशांकात येणार नाही."

"नको येऊ दे," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

त्या गेल्या तेव्हा चार वाजत आले होते. मी बाल्कनीत जाऊन पाणी ठेवलं. दोन कपांचं. वृषाली मागच्या गॅलरीकडे गेली आणि मी मनातल्या मनात म्हटलं, ठीक आहे, आज नाही.

ती परत आली ती खुर्ची ओढत. ती माझ्या बाल्कनीच्या दारात भिंतीला टेकवून लावली, बसली आणि माझा चहा होईपर्यंत समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली. मी कप तिच्या हातात दिला. तिनं एक घोट घेतला आणि मग, मी समोर असताना, दोन्ही पाय उचलले आणि ठेवायला जागा शोधू लागली.

मी शेगडी खाली जमिनीवर घेतली आणि खोकं तिच्याकडे सरकवलं.